दाराआडची शिकवणी

लग्न होऊन मी मिरजगावला आले तेव्हा माझी इंग्रजी पाचवी झाली होती. मॅट्रिकला दोन यत्ता कमी. नगरच्या शाळेतल्या बाई मला म्हणाल्या होत्या, मॅट्रिक हो, मास्तरीण होशील. ते शब्द मी लुगड्यांबरोबर ट्रंकेत घालून सासरी आणले होते आणि ते मला स्वस्थ बसू देत नव्हते. लढाईचे दिवस होते. नवरा पुण्याला लष्करी कचेरीत कारकून, महिन्या-दोन महिन्यांनी एकदा यायचा. घरात आम्ही तिघंच: मामंजी, सासूबाई आणि मी.

मामंजींनी उभा जन्म नगरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात घालवला होता. आता पेन्शनीत निघून ते गावी येऊन राहिले होते. म्हणजे शिकवणारा घरात, शिकणारी घरात. पण आमच्याकडे सुनेनं सासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, बोलायचं तर नाहीच. पाणी हवं असलं तरी ते सासूबाईंना सांगणार, सासूबाई मला सांगणार. मी हातभर अंतरावर असले तरी. ऐकू सगळ्यांनाच यायचं, पण सासूबाईंनी पोचवल्याशिवाय ते बोललं गेलं असं धरत नसत.

शिकवणी सुरू झाली तीही अशीच. एकदा नवऱ्यानं वडिलांपाशी विषय काढला आणि मामंजी एकदम उत्साहात आले. दुपारची जेवणं झाली की ते सोप्यात घोंगडीवर बसत, मी माजघरात दाराआड, आणि मधे उंबऱ्याला लागून सासूबाई, मांडीवर सूप घेऊन. इंग्रजी वाक्य मामंजी समोरच्या भिंतीला उद्देशून म्हणत. मी पाटीवर उत्तर लिहायची. पाटी सासूबाई हात लांब करून तिकडे देत. मग मामंजी म्हणत, "तिला सांग, क्रियापद चुकलं." सासूबाई माझ्याकडे वळून म्हणत, "चुकलं म्हनत्यात." काय चुकलं ते वाटेतच गळून गेलेलं असायचं.

आमचं अडलं होतं ते भूतकाळात आणि दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगण्यात. मराठीत माणूस जे बोललं ते तसंच उचलायचं आणि पुढं 'असं म्हणाली' जोडायचं, की झालं. इंग्रजीत प्रत्येक शब्दाला एक पाऊल मागं घ्यावं लागे. आजचं त्या दिवशीचं, इथलं तिथलं. मला पुढं जायची घाई आणि मामंजी मला रोज एकेक क्रियापद मागं ढकलायला लावत होते. मी चिडून पेन्सिलीची टोकं मोडायची.

पुस्तकातली वाक्यं वाघाची, राजाची आणि बोटीची. ती संपली तेव्हा मामंजींना सुचलं, घरातलीच वाक्यं घ्यावीत. ते सासूबाईंना म्हणाले, "तू काहीतरी बोल. ती ते इंग्रजीत सांगेल."

"म्या काय बोलू?"

"सकाळपासून बोलतेसच की."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं, विचार केला आणि म्हणाल्या, "रॉकेलवाला म्हनतो उद्या ये. उद्या उद्या करून म्हैना काढला मेल्यानं." मामंजींनी त्यातला मेला वगळून वाक्य मला दिलं. मी लिहिलं. मामंजींनी मोठ्यानं वाचलं, आणि आपलं बोलणं इंग्रजीत कसं ऐकू येतं ते सासूबाई तोंडाला पदर लावून ऐकत राहिल्या.

त्यानंतर त्या सकाळपासून वाक्यं जमवायला लागल्या. शेजारणीची शेळी पुन्हा तुरीत शिरली. विहिरीवर कोण कुणाला काय बोललं. दुपारी मामंजींचं पानही खाऊन होत नसे तोच ते विचारत, "हं, आज काय?" आणि त्या सांगायला लागत. कधी नुसतं एक वाक्य मागावं तर गोष्टच सांगत, आणि मामंजी ऐकून घेत. एरवी त्या दोघांचं बोलणं म्हणजे 'पंचा कुठंय' आणि 'तिथंच हाय'. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. माझं लक्ष मॅट्रिकवर होतं आणि गोष्ट लांबली की मी दाराआड चुळबुळत बसायची.

पावसाळा सरत आला तेव्हा एका दुपारी मामंजींनी पाटी परत दिली आणि म्हणाले, "तिला विचार, परीक्षेला बसायचं का. दिवाळीनंतर नगरला माहेरी राहावं. बाकीचे विषय तिथं होतील. फॉर्म मी भरतो."

मी सासूबाईंच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांनी सूप हातात घेतलं, हरभरा पाखडला, फोलपटं फुंकली. माझ्याकडे वळल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी विचारलं, "विचारलंस का?"

"इचारते," सासूबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशीही तेच. मी सगळं ऐकत होते आणि मला कुणी काही विचारलंच नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मामंजी रीतीचे पक्के, निरोप पोचल्याशिवाय पुढं सरकणार नाहीत. नवऱ्याला विचारावं तर तो आधीच म्हणून गेला होता, वडील सांगतील तसं. फॉर्म भरायची मुदत जवळ येत होती. लढाईमुळं पेट्रोल मिळत नसे. नगरहून येणारी कोळशावर चालणारी मोटर खोकत फाट्यावर थांबली की मला वाटायचं, आणखी एक दिवस घेऊन गेली. भाकरी करपायच्या. कळशी भरून वाहायला लागली तरी मी पोहरा ओततच राहायची. पाटीवर इंग्रजीत उत्तर लिहून द्यावं, सासूबाईंना वाचता कुठं येतंय, असं एकदा मनात आलं. पण त्यांच्याच हातानं त्यांच्या पाठीमागं निरोप धाडायला माझं मन घेईना. रागही त्यांचाच येत होता. मी मास्तरीण झाले तर यांचं काय जातंय, असं मी रोज भांडी घासताना मनात म्हणायची.

मग एका दुपारी मामंजींनी नेहमीसारखं विचारलं, "हं, आज काय?"

सासूबाईंनी त्या दिवशी सूप घेतलंच नव्हतं. हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "लिव म्हनावं. सून गेली की या घरात माझ्याशी बोलायला कुनी न्हाई."

मामंजींनी ते वाक्य भिंतीला सांगितलं नाही. ते सांगायची गरजच नव्हती. मी पाटी पुढं ओढली. शी सेड दॅट, लिहिलं. सून गेलीचं गेली होती केलं. या घरातचं त्या घरात केलं. माझ्याशीचं तिच्याशी केलं. सगळी पावलं बरोबर मागं पडत होती. लिहून झाल्यावर मी पाटी उंबऱ्यापाशी सरकवली. सासूबाईंनी ती उचलून पलीकडे दिली.

मामंजींनी वाचली, पण मोठ्यानं नाही. चूक म्हणाले नाहीत, बरोबरही म्हणाले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "तुला असं वाटतं?"

त्या घरात आल्यापासून मामंजींनी सासूबाईंना त्यांच्या स्वतःबद्दल काही विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. सासूबाईंनाही ते नवं असावं. त्यांनी पदर सारखा केला.

"वाक्य मागितलं, म्हून दिलं," त्या म्हणाल्या. मग पुढं म्हणाल्या, "परीक्षेला बसनार हाय ती. म्या इचारलं न्हाई अजून. पर इचारायचं काय त्यात, चार घास गेले न्हाईत पोरीच्या पोटात या दिसांत. भरा तुमी फारम."

"भरतो," मामंजी म्हणाले. पाटी त्यांनी पुसली नाही, तशीच मांडीवर धरून ठेवली.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. आणि मला रडू येत होतं. आत्ताच्या आत्ता उठून त्या बाईशेजारी जाऊन बसावं, तिचा हात हातात घ्यावा, असं अगदी आतून वाटत होतं. ती माझ्यापासून हातभरही दूर नव्हती. पण समोर मामंजी होते, आणि मला दाराबाहेर येता येत नव्हतं.