पोट सुटलेले टायर

माझ्या नवऱ्याच्या मामांनी स्वतःचं लग्न पाच मिनिटांत ठरवलं आणि गाडीचे टायर ठरवायला अडीच वर्षं घेतली. हे मी मामींच्या देखत सांगते, कारण हा हिशेब मुळात त्यांचाच आहे.

मामा गिरणीत फिटर होते. तिथले मॅनेजर नोकरी सोडून गेले तेव्हा त्यांची काळी, बुटकी विलायती गाडी मामांकडे आली, कारण ती मामांखेरीज कुणाच्या हाताने सुरूच होत नसे. मुलुंडला तळमजल्यावरच्या त्यांच्या खिडकीखाली पत्र्याची शेड होती, तिथे ती राहायची. राहायची असंच म्हणायला हवं, कारण ‘गाडी उभी आहे’ म्हटलेलं मामांना खपत नसे. पावसाळ्यात तिच्या अंगावर मामींचं जुनं नऊवारी असे. दसऱ्याला झेंडूची पहिली माळ तिला, उरलेली फुलं देवांना. सुरू झाली नाही तर बिघडली म्हणायचं नाही, ‘आज तिचं मन नाही’ म्हणायचं. मन असलं की दर रविवारी दुपारी मामा-मामी पवईच्या तलावापर्यंत जात, एक भाजलेलं कणीस अर्धं अर्धं खात आणि परत येत. तेवढीच त्यांची चैन.

ऐंशी सालानंतरच्या अशाच एका रविवारी पवईच्या उतारावर पुढचा टायर फुटला. गाडी रस्ता सोडून गवतात शिरली. लागलं कुणाला नाही. मामी उतरल्या, पदर झटकला, रिक्षा केली आणि घरी आल्या. रात्री जेवताना म्हणाल्या, “चारही टायर नवे घाला, मग मला बोलवा.”

मामा दर रविवारी एकटेच जाऊ लागले. येताना अर्धं कणीस वर्तमानपत्रात गुंडाळून आणत. मामी ते खात, पण गाडीत बसत नसत.

टायर शोधायला मामींनी मला बरोबर धाडलं. “तुझ्यापुढे ते कमी बोलतात,” असं त्यांचं म्हणणं. ते साफ खोटं निघालं. कुर्ला, अंधेरी, गोरेगाव, जिथे म्हणून टायरचं दुकान होतं तिथे मामा गेले. खिशात मामींची शिवणाची टेप. मामी तेवढी वर्षं ब्लाउज अंदाजाने बेतत होत्या. मामा टायर अंगठ्याने दाबत, हुंगत, कलिंगडासारखा टिचक्या मारून कान लावत. आणि दर वेळी, “बघतो,” म्हणून निघत. गोरेगावचा मालवणी दुकानदार शेवटी मलाच म्हणाला, “ताईनू, ह्या माप आता खंय गावाचा नाय. रेडियल घालूक सांगा.”

जुन्या बांधणीचे टायर त्या मापात मिळेनासे झाले होते. रेडियल, म्हणजे नव्या बांधणीचे टायर, तेव्हा नुकतेच आले होते आणि मामांना ते मुळीच पसंत नव्हते. भरपूर हवा असूनही ते जमिनीपाशी जरा फुगलेले दिसतात.

“पोट सुटलंय बघ त्याचं,” मामा म्हणाले. “माझ्या गाडीला शोभेल का?”

“आरशात बघा आणि मग बोला,” मामी आतून म्हणाल्या.

अडीच वर्षं अशी गेली. मग एका रविवारी मामांनी आणलेलं अर्धं कणीस मामींनी खाल्लं नाही. “गार झालंय,” म्हणाल्या आणि ताटलीत तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मामा माझ्या दारात हजर. “चल गं, गोरेगावला.”

चार रेडियल बसले. रविवारी मामी ठरल्याप्रमाणे गाडीत बसल्या, मी मागे. गाडी मुलुंडहून निघाली ती बेडकासारखी उड्या मारतच. भांडुपपर्यंत माझं डोकं तीनदा छताला लागलं. मामींनी एका हाताने दार धरलं होतं आणि दुसऱ्याने अंबाडा.

“हे नवे टायर?” त्या म्हणाल्या. “वळवा गाडी.”

घरी आल्यावर मी शेडमध्ये डोकावले. कोपऱ्यात पायाने मारायचा पंप. मामांना विचारलं तर म्हणाले, “रोज सकाळी थोडी हवा भरतो गं. पोट आत जाईपर्यंत.”

मी सरळ पंप उचलला, रिक्षात घातला, घरी आणून माळ्यावर टाकला. जाता जाता पेट्रोल पंपावरच्या माणसाला सांगून ठेवलं, हवा फक्त तू मापाने भरायचीस, काका काहीही म्हणोत. मामींना आणखी एक रविवार मागून घेतला. त्या रविवारी गाडी अशी गेली की मामींना पवई आल्याचं कळलंच नाही. कणीस मात्र दोन घ्या म्हणाल्या, अडीच वर्षांचं राहिलंय.

त्यानंतर मामा दर दसऱ्याला माझ्याकडे पंप मागत. “नुसता पूजेला हवाय.” मी दिला नाही.

मामा गेले त्याला आता बरेच महिने झाले. मागच्या आठवड्यात दहिसरचा एक हौशी तरुण गाडी विकत घेऊन गेला. त्याने कागद पाहिले, इंजिन पाहिलं, मग वाकून टायर पाहिले आणि म्हणाला, “हवा कमी वाटते, काकी.”

खिडकीत बसलेल्या मामी उठून बाहेर आल्या. “कमी नाही,” त्या म्हणाल्या. “ते तसेच दिसतात. तू भरू नकोस रे.”

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या चाकांकडेच बघत होत्या. पंप अजून माझ्या माळ्यावर आहे.