टाकीचे पाणी आणि डोक्यावरचे केस

विषय : कंपनीच्या क्लबाच्या पोहण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकल्याने होणारी केसांची खराबी.
संदर्भ : माझी स्मरणशक्ती.

लोणावळ्याच्या त्या क्लबात मी सतरा वर्षे कारकून होतो. फाइल आणि किस्से यांचे एकच असते. कोणी हात लावला नाही तरी जाड होतात. माझ्याजवळचे बहुतेक किस्से सावळारामचे. हा आंदर मावळातला. पाण्यात पावडर सोडायची आणि रोज दोनदा आत उतरून तळ घासायचा, हे त्याचे काम.

*

एका मडमेचे सोनेरी केस हिरवट झाले! ती तणतणत टाकीवर आली. सावळारामने केस नीट निरखले आणि मला म्हणाला, "भाऊसाहेब, ह्ये शेवाळ न्हाई. टाकी म्या सकाळीच घासलीया."

"काय म्हणतो?" मडमेने विचारले.

"त्याला फार वाईट वाटते," मी भाषांतर केले.

*

उपाय मात्र त्यानेच काढला. उडी मारण्याआधी विहिरीच्या पाण्याने डोके चिंब करायचे. बाहेर आल्यावर पुन्हा धुऊन खोबरेल लावायचे.

"गोडं पानी पिऊन टम्म झाल्याला क्यास ह्ये औशिदाचं पानी कशाला पिईल? जेवून उठलेला मानूस दुसऱ्या पंगतीला बसतोय व्हय?"

मेंबर लोकांनी क्रम उलटा केला. आधी तेल, मग उडी! सेक्रेटरीसाहेब तवंगाकडे पाहत म्हणाले, "बाबू, ही टाकी आहे की कढई?"

*

सावळारामला स्वतःला तेल परवडत नव्हते. त्याचे केस आधी तांबडे झाले, मग पांढरे. त्याच्यासाठी महिन्याला एक बाटली खोबरेल मी वरच्या ऑफिसकडे मागितले. उत्तर आले, "तेल फक्त यंत्रासाठी मिळते. यंत्राचे नाव कळवावे."

मी कळवले, "डोके, नग एक."

उलट टपाली उत्तर, "सदर यंत्र आपल्या यादीत आढळत नाही."

*

मग कंपनीचे डॉक्टर तपासणीला आले. ज्यांची जन्मतारीख माहीत नाही, त्यांचे वय ते चेहरा पाहून लिहीत. सावळारामचे पांढरे डोके पाहिले आणि लिहिले पंचावन्न. पंचावन्नला नोकरी संपते! माणूस जेमतेम चाळिशीचा, घरी पाच पोरे.

"भाऊसाहेब, पंचावन्न तर माझा बा बी जगला न्हाई!"

वय दुरुस्तीचा अर्ज मी लिहिला. डॉक्टर म्हणाले, जन्म पाहिलेला माणूस आणा. दुसऱ्या दिवशी सावळारामची आई डोंगर उतरून चालत आली. पदर सावरून म्हणाली, "डागदरसायेब, पयल्या पलेगाच्या साली, रानातल्या खोपीत ह्याला म्याच जलम दिला."

म्हातारीने आयुष्यात टाकी पाहिली नव्हती. डोक्यावर एक केस पांढरा नव्हता!

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिले आणि अर्जावर शेरा मारला, "अर्जदाराची आई अर्जदारापेक्षा लहान दिसते. खुलासा व्हावा."

खुलासा मी त्याच दिवशी पाठवला. निर्णय होईपर्यंत अर्जदाराला कामावरून कमी करता येत नाही, असा नियम आहे. मी निवृत्त झालो त्याला सहा वर्षे झाली. सावळाराम टाकीवरच आहे. अर्ज विचाराधीन आहे.