हंडाभर पाणी
कुलपात तेल सोडलं की त्या वासाबरोबर मला लातूरचा तो दुष्काळी उन्हाळा आठवतो. जिल्हा नवा झाला होता, नव्या कचेरीत मी कारकून होतो आणि सुट्टीच्या दिवशी, बाजारात किल्ल्या बनवणाऱ्या चाचांकडे हौसेनं किल्लीविना कुलूप उघडायला शिकत होतो. आतल्या पिना डमरूसारख्या बारीक कमरेच्या असल्या की कुलूप उघडल्यासारखं जरासं फिरतं आणि अडतं. मी तिथंच जोर लावायचो. "ते फसवून राह्यलंय तुला, हात ढिला सोड," चाचा म्हणायचे. त्या वर्षी आमच्या गल्लीत प्रत्येक हौदाला कुलूप होतं. एका दुपारी टँकर दारात आला आणि हौदाची किल्ली माझ्या घरमालकिणीच्या नवऱ्याच्या खिशात, तो गेलेला धर्माबादला. "पाचच मिनिटं थांबतो, बाई," ड्रायव्हर म्हणाला. पुन्हा टँकर येणार आठ दिवसांनी. मालकिणीला विचारून मी तारा घेऊन बसलो. कुलूप जरासं फिरलं आणि अडलं. बोटं जोर करायला निघालीच होती. मी हात ढिला सोडला, पुन्हा हळूच तार फिरवली आणि कुलूप उघडलं. मालकिणीनं चहा विचारला नाही, हंडाभर पाणी दिलं. तो हंडा खांद्यावर घेऊन मी तडक चाचांकडे गेलो आणि हौदाचं कुलूप उघडल्याचं सांगितलं. दिवसभर उन्हात बसून त्यांचे ओठ सुकले होते, तरी त्यांनी आधी विचारलं, "मालकीण समोर हुती ना?" मी "हाव" म्हटल्यावरच त्यांनी हंड्याला हात लावला. अजूनही कुणी कुलूप आणून दिलं की मी आधी मालकाला समोर बसवतो, मगच तेलाची बाटली उघडतो.