भुरीच्या डोळ्यातले थेंब

आता हेही माझ्याच तोंडून ऐकायचंय? चहा पाजून म्हाताऱ्याची अब्रू काढायची, ही कुठली रीत! बरं, ऐका. मध्ये हसायचं नाही.

आमची भुरी. म्हातारी कुत्री. तिचा डोळा लाल होऊन सुजला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, सूज उतरली नाही तर डोळा जाईल. सकाळ-संध्याकाळ एकच थेंब."

मी इथं हिंदी मुलखात, मंडीदीपच्या कारखान्यात जन्मभर मशीनला तेल घातलं. आमचा धर्म एकच. कमी पडलं तर मशीन बोंबलतं, जास्त झालं तर फडक्यानं पुसा!

थंडीतलं ऊन, अंगणात खाट, पायावर भुरीचं डोकं. माझी पापणी मिटायची. स्वप्नातही मी भुरीला थेंब घालायचो; कधी भुरीच मला घालायची. जाग आली की घोळ. घातला तो खरा, की स्वप्नातला? मग घाला परत! डोळ्यातलं औषध ते, जाणार कुठं?

डोळा निवळला. पण भुरी पाण्याची बादली पिऊन रिकामी करायला लागली, घरभर मुतायला लागली, माझ्या ताटातली पोळी ओढायला लागली. आणि पोट? हे एवढं!

"गाभण आहे," मी म्हणालो.

"अहो, या वयात?" बायको.

"वयाचं काय घेऊन बसलीस! समोरच्या तिवारीचा शेरू रोज फाटकाशी घुटमळतो."

बायकोनं तिच्यासाठी तुपातला शिरा केला. मी काठी घेऊन तिवारीच्या दारात. "तुम्हारे लड़के ने हमारी लड़की का सत्यानाश किया!" गल्ली गोळा झाली.

तिवारी म्हणाला, "दादा, शेरू का तो बचपन में ही ऑपरेशन हो गया."

"ठीक से नहीं हुआ होगा!" मी कशाला हटतोय?

मग भुरी बसल्या जागी धापा टाकायला लागली. मी तिला उचललं. रिक्षात घालून नेली.

बाईंनी पोट चाचपलं. "पिल्लं नाहीत, काका. थेंब किती घातलेत?"

"जास्तीचे पुसले की हो फडक्यानं!"

"स्टिरॉइड आहे ते. डोळ्यातून औषध नाकात, घशात, रक्तात उतरतं. एवढासा जीव! तहान, भूक, पोट, सगळी त्याचीच करणी. आता एकदम बंदही करू नका, अंगाला सवय झालीय. हळूहळू उतरवू."

भुरी वाचली. शिरा बंद केला म्हणून माझ्याकडे पाठ करून झोपते, तेवढंच.

तिवारी म्हणाला, "माफी मुझसे नहीं, शेरू से माँगिए."

मागितली! गल्लीदेखत, गुडघे करकरत, हात जोडून. त्यानं मला हुंगलं, वळला, आणि धुतल्या पायजम्यावर तंगडी वर केली.

माझी माफी मागून झाली. त्याची अजून यायचीय. गुन्हेगाराचं पूर्ण नाव पाहिजे? घ्या. शेरू तिवारी.