मागच्या खोलीचा चार्ज

"रिलीव्हर आल्याशिवाय पॉइंट सोडायचा नाय."

हे म्हणताना काका तर्जनी खाली जमिनीकडे रोखायचे. पॉइंट म्हणजे हा, इथला. तुमच्याही शेजारात असा एखादा निवृत्त माणूस असेल. नोकरी संपते, ड्युटी संपत नाही.

काका मूळचे दातिवऱ्याचे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलर सांभाळण्यात त्यांची हयात गेली. पेटता बॉयलर सोडून कुणी जात नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन वहीत 'चार्ज घेतला' असं लिहून सही करीपर्यंत तिथंच उभं राहायचं. सरावलीत त्यांच्या घरामागं माझं घर. मी पालघरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, एकटी. त्यांची मागची खिडकी आणि माझी पुढची समोरासमोर, मधे पेरूचं झाड.

काकू मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या होत्या. पक्षाघातात वाचा गेली होती. मुलगी बंगळूरला नर्स. रोज संध्याकाळी सातला तिचा व्हिडिओ कॉल यायचा, पण इंटरनेट पुढच्या खोलीतच संपायचं आणि मोबाइलची रेंज मागं एका काडीवर. काका पुढं उभं राहून लेकीशी बोलायचे, मग मागं जाऊन काकूंना सांगायचे, "बरी हाय ती. केस कापलेत तिनं." पुन्हा पुढं. मुलीला रजा मिळत नव्हती. आईनं लेकीचं तोंड सात महिने पाहिलं नव्हतं.

वायर मागं न्यायला एक माणूस आला. त्याचं ड्रिल भिंतीला लागलं आणि काकू घाबरून रडायला लागल्या. काकांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग माळ्यावरून जुना राउटर काढला. कनेक्शन बदललं तेव्हा उरलेला.

"हा बसून खातोय. ह्याला मागं ड्युटीवर लावतो. पुढच्याकडून हवेतून घेल, मागं देल. वायर नाय, भोक नाय. बाय, तुमी ह्याच्या पुस्तकातलं इंग्रजी वाचा, आमी करतो."

म्हणजे मला विचारलं नव्हतं, नेमलं होतं.

राउटरच्या पाठीतलं बारीक बटण काकूंच्या केसातल्या पिनेनं दाबून त्यांनी त्याची जुनी आठवण पुसली. इथवर झकास. मग त्यांनी दोन्ही राउटर अगदी सारखे करून टाकले. तोच नंबर, तीच कामं. मी म्हटलं, "काका, असं लिहिलेलं नाही." तर मलाच शिकवलं, "प्लांटला पंप दोन असतात. एक चालू, एक स्टँडबाय. दोन्ही सेम टू सेम."

तीन दिवस फोनवर रेंज फुल्ल आणि उघडत काहीच नव्हतं. काकांच्या वहीत रोज नोंद: 'दोन्ही चालू. काम शून्य.' रोज सात वाजता ते पुढच्या खोलीत उभे राहायचे आणि मान खाली घालून मागं यायचे. तिसऱ्या दिवशी मी आवाज चढवून वाचलं, की दुसऱ्या राउटरचा नंबर वेगळा ठेवा आणि जोडलेल्या फोनांना नंबर वाटायचं त्याचं काम बंद करा.

काकांनी कपाळावर हात मारला. "एका पाळीला दोन फोरमन! मग हेल्परनं ऐकायचं कोणाचं?"

पाच मिनिटांत त्यांनी मागच्याचा हुद्दा उतरवला. दोन राउटरांच्या मधे लोखंडी कपाट आडवं येत होतं, ते आम्ही दोघांनी सरकवलं. त्यात माझ्या पायाचा अंगठा सापडला. वर ऐकून घेतलं, "सेफ्टी शूज नाय घालत तुमी."

सातला कॉल आला. फोन काकूंसमोर धरला. काकूंनी डावा हात कसाबसा उचलला आणि काचेवर लेकीच्या कापलेल्या केसांवरून बोट फिरवत राहिल्या. काका 'दिवा बगतो' म्हणून राउटरकडं तोंड करून उभे राहिले. दिवा चांगला हिरवा होता. ते खूप वेळ बघत होते.

दोन महिन्यांनी काकू गेल्या. राउटर तसाच चालू.

"काका, आता काढा तो."

"रिलीव्हर आलाय कुठं?"

मग एक दिवस त्यांनी तो उचलून मागच्या खिडकीत ठेवला, माझ्या घराकडं तोंड करून. "तुमचं नेट नेहमी बोंबलतं. आमचं घ्या."

माझं नेट उत्तम चालत होतं. मी घेतलं.

मी रात्री फोन बंद ठेवते. सकाळी चालू केला की काकांच्या मोबाइलवर, राउटरला जोडलेल्या फोनांच्या यादीत, माझं नाव उमटायचं. लगेच खिडकीतून हाक, "बाय, आज सव्वासहालाच?" पहिले चार दिवस मला राग आला. घरातसुद्धा हजेरी! पाचव्या दिवशी हाक आली नाही, तर मी चपला घालून त्यांच्या दारात. ताप होता नुसता. मी कधी उठते हे कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. हे मी त्यांना कधी बोलले नाही, याचं आता वाईट वाटतं.

लेक त्यांना पंधरा दिवसांसाठी घेऊन जायला आली, तेव्हा ते चावी आणि वही घेऊन माझ्याकडं आले.

"दिवा बगायचा. हिरवा असला की ठीक. लाल लुकलुकला, म्हंजे पुढचा गेला, मागचा त्याला शोधतोय." वहीत 'चार्ज दिला' लिहून सही केली. पेन माझ्या हातात दिलं. मी 'चार्ज घेतला' लिहिलं. "येतो आणि परत घेतो," म्हणाले.

अकराव्या दिवशी बंगळूरला झोपेतच गेले. लेक फोनवर रडत म्हणाली, "ताई, घराचं मी नंतर बघते. तोवर चावी तुमच्याकडेच राहू द्या."

मला कॉलेजजवळ पालघरला खोली मिळतेय. सगळे म्हणतात, जा, तिथं एकटी काय करतेस. मी सव्वासहाला फोन चालू करते आणि थोडा वेळ खिडकीपाशी थांबते. संध्याकाळी जाऊन त्यांचं घर झाडते, वहीत 'सर्व नॉर्मल' लिहून परत येते.

पुढच्या खोलीतलं कनेक्शन गेल्या आठवड्यात बंद झालं. पेरूच्या पानांतून तो लाल दिवा मला दिसत होता. तरीही मी सहा दिवस 'सर्व नॉर्मल' लिहिलं.

काल खरं लिहिलं. 'पुढचा गेला. मागचा शोधतोय.' खाली सही केली.