पुसलेला फोटो आणि पुरलेली गाय

माझा धाकटा भाऊ परदेशातून सुट्टीवर आला, तेव्हा त्याने मला एक छोटा डिजिटल कॅमेरा दिला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा खर्ड्याच्या पलीकडे एका गावात जनावरांची डॉक्टर होते. दवाखान्याला दोन खोल्या होत्या, समोर कडुलिंबाखाली लोखंडी खोडा होता, आणि सकाळपासून त्या खोड्यात कुणाची ना कुणाची गाय उभी असे.

"ह्याला रोल लागत नाही," भाऊ म्हणाला.

"मग फोटो उमटतो कुठे?"

"आत एक कार्ड आहे, त्यावर. आवडला नाही तर पुसून टाकायचा."

ते मला तेव्हाच पटलं नव्हतं. जी गोष्ट बटण दाबून पुसता येते तिला फोटो म्हणायचं कसं? पण कॅमेरा मुठीत मावत होता, ॲप्रनच्या खिशात जात होता, आणि माझ्या कामात फोटोची गरज रोजचीच होती. म्हणून मी तो ठेवून घेतला.

गरज होती ती विम्यासाठी. संकरित गायीचा विमा उतरवायचा तर तिच्या कानात नंबरचा बिल्ला मारायचा आणि फोटो काढायचा. गाय मेली तर पोस्टमार्टेम करायचं, बिल्ला कानात असतानाच पुन्हा फोटो काढायचा आणि मग कानाच्या तुकड्यासकट बिल्ला कापून विमा कंपनीकडे पाठवायचा. तोवर माझ्याकडे रोलचा कॅमेरा होता. रोल संपेपर्यंत थांबायचं, मग तो जामखेडच्या स्टुडिओत द्यायचा. फोटो हातात येईपर्यंत गाय केव्हाच जमिनीखाली गेलेली असे. एखाद्या वेळी बिल्ल्याचा नंबर धूसर निघे, एखाद्या वेळी सगळा रोलच कोरा. मग कंपनीकडून विचारणा येई आणि शेतकरी माझ्याकडे संशयाने बघे.

नव्या कॅमेऱ्याने ती अडचण सुटली. फोटो काढला की मागच्या काचेवर लगेच दिसे. नंबर वाचता येत नसेल तर तिथेच दुसरा काढायचा. पण त्याच्या खोडीही हळूहळू कळल्या. बटण दाबल्यावर तो क्षणभर विचार केल्यासारखा थांबे, आणि तेवढ्यात गाय कान हलवी. उन्हात मागच्या काचेवर फार काही दिसत नसे, पदराची सावली करून बघावं लागे. गावातल्या दुकानातले पेन्सिल सेल घातले तर दहा-बारा फोटोंत मान टाकी. सेल बदलले की आतली तारीख मागे जाई. कार्डावर जागा थोडी, त्यामुळे जुने फोटो पुसल्याशिवाय नवे मावत नसत.

लोकांचा तर त्याच्यावर अजिबात विश्वास नव्हता. तो वाजत नसे. रोलचा कॅमेरा 'खट्' करतो, मग गडगडतो, तेव्हा माणसाला वाटतं, फोटो निघाला. इथे मी सांगायची, निघाला, आणि समोरचा माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. एका म्हाताऱ्याला मी त्याच्या म्हशीचा फोटो काचेवर दाखवला तर तो म्हणाला, "इतक्यात कसा येतो? आदीच काढून ठिवला हुता का?"

दवाखान्यापासून थोड्या अंतरावर एक मावशी राहायच्या. नवरा एसटीत ड्रायव्हर, दोन दिवस घरी तर चार दिवस बाहेर. घरची शेती आणि तीन गायी मावशीच बघायच्या. गावात सगळ्यात स्वच्छ दूध त्यांचं, डेअरीवाले स्वतः सांगायचे. बोलणं कमी आणि नजर तिखट, अशी बाई. मी इंजेक्शन भरताना बाटलीवरची तारीख त्या आधी वाचून घ्यायच्या. मला त्याचा राग येत नसे. उलट बरं वाटे.

त्यांची काळी-पांढरी गाय उन्हाळ्याच्या तोंडाला गेली. सकाळी दावं सुटलं, ती लसूणघासाच्या वाफ्यात शिरली आणि दहिवराने भिजलेला कोवळा घास भरपेट खाऊन बसली. मला निरोप आला तोवर पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. मी पोहोचले तेव्हा ती आडवी पडलेली, जीभ बाहेर. काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

मावशी रडल्या नाहीत. गायीच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या, मग उठून म्हणाल्या, "बाई, तुमचं काय असल ते उरकून घ्या. ऊन वाढलं तर वास सुटंल."

मी पोस्टमार्टेम केलं. फोटो काढले तेव्हा ऊन अगदी डोक्यावर आलं होतं. बिल्ला नीट आला, गाय पूर्ण आली. मावशींना काचेवर दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिला आणि नुसती मान हलवली. मग कान कापून बिल्ला घेतला. मावशींच्या नवऱ्याने शेजाऱ्यांना घेऊन बांधाकडेला खड्डा घेतला होता. मीठ टाकून गाय पुरली.

दुसऱ्या दिवशी मी जामखेडला गेले. तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये प्रिंटर होता. वायर जोडून फोटो कॉम्प्युटरवर घ्यायला बराच वेळ गेला. प्रिंट निघाली ती जरा निळसर होती, पण बिल्ल्याचा नंबर वाचता येत होता. मला तेवढंच हवं होतं. प्रिंट झाल्यावर क्लासवाल्याने त्याच्या कॉम्प्युटरवरून फोटो काढून टाकले. कागदपत्रं पाठवून दिली. पुढच्याच दिवशी दुसऱ्या गावात गायींना बिल्ले मारायचे होते, म्हणून कार्ड रिकामं केलं.

थोड्या दिवसांनी नगरहून कंपनीचे तपासनीस आले. पन्नाशीचे, नीटनेटके, आवाज कधीच न चढवणारे गृहस्थ. त्यांनी माझ्या टेबलावर प्रिंट ठेवली.

"मॅडम, याची निगेटिव्ह?"

"निगेटिव्ह नसते. डिजिटल कॅमेरा आहे."

"मग मूळ फोटो दाखवा."

"तो पुसला."

"पुसला?" त्यांनी चष्मा काढला. "का बरं?"

मी जागेचं कारण सांगितलं. ते खरं होतं, पण सांगताना माझं मलाच ते खोटं वाटू लागलं. त्यांनी प्रिंटवर बोट ठेवलं. "विमा उतरवताना तुम्हीच लिहिलंय, कपाळावर लहान चांदणी. इथे तर सगळं कपाळ पांढरं दिसतंय."

मी प्रिंट हातात घेतली. खरंच, कपाळ पांढरंफटक दिसत होतं. उन्हाने तेवढा भाग उजळून गेला असेल असं मी म्हणाले. ते हसले नाहीत. "असेलही. किंवा गाय दुसरी असेल. त्या आठवड्यात जवळच्या बाजारात अशीच एक काळी-पांढरी गाय विकली गेली, असं ऐकतो. बिल्ला एका कानातून दुसऱ्या कानात जातो, मॅडम. आणि आता कॉम्प्युटरवर काय काय करता येतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

विमा उतरवतानाचा फोटो काढून बघावा असं मला वाटलं. पण बिल्ला स्पष्ट यावा म्हणून मी तेव्हा जवळ जाऊन फक्त कान घेतला होता. कपाळ त्यात नव्हतंच.

त्यांना चहा दिला आणि मी आठवायला लागले. गायीचं पोट आठवलं, आतला फेसाळ घास आठवला, कानातला नंबर आठवला. कपाळ आठवेना. गायीपेक्षा मी त्या मागच्या काचेकडे जास्त पाहिलं होतं. मग एकेक गोष्ट डोक्यात यायला लागली. मावशी रडल्या नाहीत. पुरायची घाई त्यांनीच केली. माझं काम उरकायच्या आधीच खड्डा कसा तयार झाला? ज्या बाईच्या गोठ्यात मी इतकी वर्षं जात होते, तिच्याबद्दल मी असला हिशोब मांडत होते, आणि तरी तो थांबत नव्हता.

"गाय उकरून पाहिली तर?" तपासनीस म्हणाले. "तुमचीही शंका जाईल."

माझी शंका. मी तसं काहीच बोलले नव्हते.

आम्ही मावशींच्या वस्तीवर गेलो. त्या दिवशी नवरा घरी होता. त्याने खाट टाकली, पाणी दिलं. तपासनिसांनी सगळं नीट समजावून सांगितलं. मावशी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या, आणि बघत होत्या माझ्याकडे.

"फोटू तर तुमी मला दावला हुता, बाई."

"हो, मावशी."

"मंग पुसला कामून?"

"जागा नव्हती."

"कशात जागा न्हवती?"

"कॅमेऱ्यात."

"एका गायीपुरती जागा न्हवती व्हय," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे वळल्या. "टिकाव घ्या."

नवरा कुरकुरला. "अगं, पुरलेलं जनावर उकरत्यात का? लोक काय म्हनतील?"

"लोक आत्ता काय म्हनत्यात ते ऐकलं न्हवं तुमी? गाय इकली म्हनत्यात. उकरा."

त्याने शेजारच्या दोघांना बोलावलं. माती अजून भुसभुशीत होती. वास आधी आला, मग मिठाने पांढरी पडलेली पाठ दिसली. तपासनिसांनी नाकाला रुमाल लावला आणि दोन पावलं मागे सरले.

"या की जवळ," मावशी त्यांना म्हणाल्या. "लांबनं काय दिसल?"

त्या स्वतः खड्ड्यात उतरल्या. नवरा "अगं अगं" करत होता, त्याच्याकडे लक्ष न देता खाली बसल्या आणि तळहाताने गायीच्या कपाळावरची माती सारली. एकदा, दोनदा. मग हात काढून घेतला. काळ्या कपाळाच्या मधोमध पांढरी चांदणी होती, बोराएवढी. बाकी कपाळ काळंभोर.

"कान बी बघा," त्या म्हणाल्या. "ह्यो कापलेला. ह्यो धड. बाजारातली गाय अशी आसंल तर सांगा."

तपासनीस वाकले, बघितलं, आणि काही लिहून घेतलं. मग बॅगेतून त्यांनी रोलचा कॅमेरा काढला. तो 'खट्' वाजला आणि रोल पुढे सरकल्याचा आवाज आला.

मावशींनी खड्ड्यातूनच विचारलं, "ह्यातला पुसत न्हाई ना?"

"नाही."

"मंग आदीच ह्येनं काढायचा हुता." हे त्या त्यांना नाही, माझ्याकडे बघून म्हणाल्या.

गाय परत पुरली. तपासनीस जाताना मला म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, मॅडम. आमचं कामच असं." माझ्या मनात आलं, तुमचं काम असेल, पण मी का शंका घेतली? कपाळावरची चांदणी दिसली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. ते माझ्या तोंडावर मावशींना दिसलं असणार. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

विम्याचं काम पुढे व्यवस्थित झालं. पण मावशी दवाखान्यात यायच्या बंद झाल्या. उरलेल्या दोन गायींना त्या खर्ड्याच्या खासगी डॉक्टरला दाखवू लागल्या. रस्त्यात भेटल्या तर "बरं हाय का, बाई," एवढं विचारत आणि उत्तराला थांबत नसत. गावातही कुजबुज होती. कुणी म्हणे, मॅडमनीच एका गायीच्या नावावर दुसरीचा फोटो लावला. कुणी म्हणे, त्या डबीतून फोटो थेट कंपनीला जातात, म्हणूनच तपासनीस आला. मी खिशातून कॅमेरा काढला की गायवाला गायीच्या पुढे येऊन उभा राही. शेवटी मी जुना रोलचा कॅमेराच परत काढला. डिजिटल घरी नेऊन ठेवला. मुलीच्या वाढदिवसाला, अंगणातल्या फुलांना तो चांगला होता. जिथे कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं, तिथे त्याच्याइतकी सोपी वस्तू नव्हती.

थंडीत एका सकाळी मावशींचा नवरा सायकल दामटत आला. गाय अडली होती आणि खासगी डॉक्टर गावाला गेले होते. वासराचा पाय आत मुडपला होता. कोपरापर्यंत हात घालून मी बराच वेळ झगडले, आणि मावशी गायीचं तोंड धरून तिच्याशी हळू आवाजात बोलत राहिल्या. कालवड जिवंत निघाली. मी हात धूत होते तेव्हा मावशींनी माझ्या हातांवर गरम पाण्याचा आणखी एक तांब्या ओतला.

"ह्या गायीला बिल्ला मारायचा राहिलाय," त्या म्हणाल्या. "तेवढा मारा. फोटूवाला मातर मी बोलावनार."

आठवड्याने फोटोवाला मोपेडवरून आला. मावशींनी त्याला गाय पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी काढायला लावली. कपाळ वेगळं, कान वेगळा. त्याच्याकडून निगेटिव्हही मागून घेतल्या. फोटो आले त्या दिवशी मी तिथेच होते. निगेटिव्हची पट्टी उन्हाकडे धरून त्या एकटक बघत राहिल्या.

"हे काय हो, बाई? काळं ते पांढरं दिसतंय, आन् पांढरं ते काळं."

"निगेटिव्हमध्ये तसंच दिसतं, मावशी. उलटं असतं ते."

त्यांनी पट्टी खाली घेतली, पुन्हा वर धरली, आणि मग माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच महिन्यांनी त्या माझ्याकडे नीट बघत होत्या. "आन् तुमचा तो तपासनीस आला, तर त्याला ठावं हाय का हे?"

"ठाऊक असणार."

"असनार न्हाई. तुमी इचारून घ्या," त्या म्हणाल्या, आणि पट्टी फोटोंबरोबर रुमालात गुंडाळून आत ठेवायला गेल्या. जाता जाता नवऱ्याला सांगितलं, "बाईंना च्या टाका. घासाच्या वाफ्याला कुंपन घालायचं कुठवर आलंय, ते बी बघून जा म्हनावं बाईंना."