बाळकृष्ण खंडव्याला गेले

देवाला वेळ देण्याच्या बाबतीत माझ्या आतोबांइतका प्रामाणिक आणि त्यांच्याइतका फसलेला माणूस साऱ्या बऱ्हाणपुरात दुसरा नव्हता, हे मी शपथेवर सांगते. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, तहसील कचेरीत कारकून. मी तेव्हा गावातल्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि त्यांच्याकडेच राहत होते, म्हणून त्यांची पूजा मी रोज पाहिली. रोज म्हणजे दिवसभर, कारण ती एका बैठकीत कधी झालीच नाही. दूध तापेपर्यंत देवांना उठवायचं, दाढीचं पाणी गरम होईपर्यंत आंघोळ घालायची आणि मग सायकलची हवा बघायला जायचं. देव तसेच ओलेकच्च ताम्हनात. आत्या म्हणायची, देवाला पडसं होईल हो. आतोबा शांतपणे सांगायचे की गंधाला अजून अवकाश आहे, तोवर वाळतील. स्तोत्र कचेरीच्या वाटेवर. समोरून कोणी ओळखीचा आला की श्लोक तिथेच थांबवून "काय पाटील, केळी कापली का?" असं विचारायचे आणि उत्तर ऐकून नेमक्या पुढल्या अक्षरापासून पुन्हा सुरू करायचे.

राहायचा तो नैवेद्य. आईने मरताना हातात दिलेला रांगता पितळी बाळकृष्ण जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही, हा त्यांचा नेम. घरी नैवेद्य होईतो थांबलं तर कचेरीला उशीर, म्हणून ते बाळकृष्णालाच कचेरीत नेऊ लागले. आत्याने देवासाठी रेशमी रुमाल शिवून दिला होता, पण आतोबांना कचेरीतला लाल खारवा पसंत. ज्या कापडात सरकारी कागदांचे बस्ते बांधतात त्याच्याच तुकड्यात ते देवाला गुंडाळायचे. म्हणायचे, रेशीम मळतं, खारवा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. दुपारी डबा उघडला की मेजावर आधी देव, मग पोळी-भाजी. साहेबांनीही कधी हरकत घेतली नाही.

पुढे नवा मध्यप्रदेश झाला. आजवर नागपूरकडे बघणारी कचेरी एका दिवसात भोपाळकडे बघायला लागली. मराठी कागद वेगळे काढा, हिंदी वेगळे लावा, याद्या करा, बस्ते बांधून खंडव्याला जिल्ह्याच्या दप्तरात धाडा, अशी एकच धांदल उडाली. आतोबांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. अशाच एका दुपारी नैवेद्य दाखवून त्यांनी देवाला खारव्यात बांधलं, तेवढ्यात कोणी हाक मारली, आणि परत आले ते थेट बस्ते बांधायला बसले. लाल पुडकं लाल बस्त्यात गेलं. संध्याकाळी घरी येऊन पिशवीत हात घातला तेव्हा लक्षात आलं की बाळकृष्ण मौजे इच्छापूरच्या कागदांबरोबर खंडव्याला रवाना झाले आहेत.

त्या दिवसापासून आतोबांनी अन्न सोडलं. देव उपाशी तर मी कसा जेवू, एवढंच बोलायचे. दूध आणि केळी यांवर माणूस किती दिवस काढणार? खंडव्याला अर्ज केला, पण नव्या राज्यात तो हिंदीत हवा. मोठी पंचाईत. "बस्ते में एक बालकृष्ण, पीतल का, घुटनों के बल, भूल से चला गया है" हे वाक्य त्यांनी चारदा लिहून फाडलं, कारण देवाला 'चला गया' कसं म्हणायचं? शेवटी 'पधार गये हैं' लिहिलं. उत्तर काही आलं नाही. आणि सगळ्यात नवल म्हणजे हा माणूस रोज सकाळी देव्हाऱ्यातल्या रिकाम्या जागेसमोर तासभर नुसता बसू लागला. दूध उतू गेलं तरी उठेना. आत्याला राहवलं नाही. ती म्हणाली, "अहो, देव घरी होते तेव्हा असे बसला असता तर?" मला आतोबांची फार कीव आली.

सहाव्या दिवशी त्यांनी नोकरीतली पहिली रजा घेतली. सोबत आत्याने मला पाठवलं, कारण पोटात अन्न नसलेला माणूस फलाटावर चक्कर येऊन पडला तर काय घ्या. खंडव्याच्या दप्तरखान्यात एक म्हातारे मुनशी होते. त्यांनी बस्ता उघडून देव पाहिला होता आणि अर्जाची वाट न बघता दप्तरातल्या कोनाड्यात त्यांची स्थापना करून टाकली होती. आम्ही पोचलो तेव्हा त्यांची पूजाच चालली होती. मडक्यातलं पाणी, चार तुळशीची पानं, बस्स. पण काय सावकाश! एकेक बोट पुसत होते, लहान मुलाचं पुसावं तसं. पुढे गुळाचा खडा ठेवलेला. देव एक दिवसही उपाशी नव्हते. आतोबांनी हात जोडले आणि घाईघाईने पिशवी पुढे केली, परतीच्या गाडीला जेमतेम वीस मिनिटं होती.

मुनशीजी मागे न बघता म्हणाले, "जल्दी में मत उठाइए भैया, अभी-अभी बैठे हैं."

आतोबांनी पिशवी खाली ठेवली. मी हळूच गाडीची आठवण केली. "जाऊ दे बाई," म्हणाले, आणि त्या धुळीच्या फरशीवर मांडी घालून बसले. गाडीची शिट्टी झाली, गाडी गेली. ते बसूनच होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आरती झाल्यावर मुनशीजींनी गुळाचा खडा मोडून अर्धा त्यांच्या हातावर ठेवला. सहा दिवसांनी त्यांनी नैवेद्य खाल्ला.

देव घरी आले, तरी पूजा पुन्हा तुकड्यातुकड्यानेच होऊ लागली. कचेरी आणि संसार कोणाला सोडतात? पण त्यानंतर आतोबा दरवर्षी एक दिवसाची रजा घ्यायचे आणि कारणाच्या जागी आपल्या मोडक्या हिंदीत लिहायचे, 'भगवान के पास बैठना है'. ती कधी नामंजूर झाली नाही. मी सारी नोकरी शाळेत काढली. तापासाठी रजा घेतली, लग्नांसाठी घेतली, पाहुण्यांसाठी घेतली. ते कारण मात्र मला एकदाही लिहिता आलं नाही.